दोन तासांचा परदेश

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शिक्षणासाठी घर सोडणे ही आता आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जून-जुलै उजाडला की गावोगावच्या एस. टी. थांब्यांवर गाद्यांच्या वळकट्या, नव्या बादल्या, पिठाचे डबे आणि त्यांच्याशेजारी गप्प उभी असलेली मुले-मुली दिसू लागतात. गाडी येते, सामान चढते, आई पदर डोळ्यांना लावते आणि गाडी निघून जाते. पुढे त्या मुलाचे शहरात काय होते, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. प्रवेश मिळाला, खोली मिळाली, म्हणजे सारे मिळाले असे आपण धरून चालतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी सल्ल्यांची कमतरता नाही. काय न्यावे, काय नेऊ नये, कोणाला भेटावे, आजारी पडल्यास कोठे जावे, हे सांगणारी पुस्तके आहेत, माणसे आहेत, कचेऱ्या आहेत. परंतु धनजच्या मुलीने अमरावतीस जायचे तर तिला कसला आला सल्ला? एस. टी.ने दीड-दोन तासांचा तर रस्ता! भाषा तीच, जिल्हा शेजारचा, अंबादेवी दोघांचीही. असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला दोन तासांवरचे शहरही परदेशच असते. अंतर किलोमीटरने मोजायचे नसते. वाट दाखवणारे माणूस आहे की नाही, यावर ते मोजायचे असते.

आमचे धनज वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघून वाशीम जिल्हा झाला. आमचे विद्यापीठ मात्र अमरावतीचे. १९८३ साली ते स्थापन झाले आणि आज अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील विद्यार्थी त्याच्या छत्राखाली शिकतात. म्हणजे कागदोपत्री अमरावती आमचीच. पण शहरात पहिल्या दिवशी उतरलेल्या मुलीला राजकमल चौक कोणता, राजापेठ कोणीकडे, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर आणि महिन्याला किती पैशांत भागते, हे सांगणारे ओळखीचे कोणी नसते. घरी विचारावे तर आई-बाबांनीही ते पाहिलेले नसते. माझे बाबा कारंजाच्या बाजारापलीकडे क्वचितच गेलेले. त्यांनी मला एवढेच सांगितले, "कोणाशी बोलू नको, कोणाच्या भानगडीत पडू नको, नीट राह्य." प्रेमापोटी दिलेला हा सल्ला आमच्या भागातील बहुतेक मुलींना मिळतो. पण माझ्या मते तोच सर्वांत अपुरा आहे. जी कोणाशीच बोलत नाही, तिची अडचण कोणालाच कळत नाही.

थोडे इतिहासाकडे पाहू. आनंदीबाई जोशी १८८३ साली जहाजाने अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांच्या धैर्याचे गोडवे आपण गातो आणि ते योग्यच आहे. पण बंदरावर उतरल्यावर त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या, ही गोष्ट आपण विसरतो. दोघींची ओळख आधी केवळ पत्रांतून झालेली होती. न्यू जर्सीतील रोझेल गावी त्या बाईंच्या घरी आनंदीबाई काही महिने राहिल्या आणि मगच फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. परक्या मुलखात त्यांना आधी माणूस मिळाले, कॉलेज नंतर. तरीही तिथली थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी त्यांची प्रकृती खालावली. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शिकायला गेलेल्याच्या जेवणाकडे आणि प्रकृतीकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडू शकते, हे याहून अधिक कोणी सांगावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र भेटला आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनच्या हलाखीत याच मित्राकडे त्यांना मदत मागता आली. पण याच बाबासाहेबांना १९१७ साली, एवढे शिकून परत आल्यावर, बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परदेशात जागा मिळाली, स्वदेशात मिळाली नाही! आज काळ बदलला, कायदे झाले. तरीसुद्धा खोली पाहायला गेलेल्या मुलीला आधी नाव, मग आडनाव आणि मग "म्हणजे कोण?" असे विचारणारी घरे अजून संपलेली नाहीत. माझ्यासोबत खोल्या शोधणाऱ्या एका मैत्रिणीला एकाच आठवड्यात तीन ठिकाणी 'खोली कालच गेली' असे सांगण्यात आले. त्यांपैकी एका घराच्या दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी त्यानंतरही महिनाभर लटकत होती. शहरात स्थिरावण्याचा सल्ला देणाऱ्याने ही गोष्ट गाळून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी सांगते. यंदा जी मुले-मुली गावाकडून येतील, त्यांना या उपयोगी पडाव्यात.

पहिली गोष्ट कागदांची. टी. सी., गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक या सर्वांच्या झेरॉक्सचे किमान पाच संच गावातूनच करून आणावेत आणि मूळ कागद एका वेगळ्या फाइलीत ठेवावेत. उत्पन्नाचा दाखला जुना झाला की चालत नाही, म्हणून तो बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच काढावा. निकालानंतर तहसीलवर आणि सेतू केंद्रावर रांगा लागतात. बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे तपासावे, कारण शिष्यवृत्तीची रक्कम त्याच खात्यात येते. एका दाखल्यासाठी शहरातून गावी परत जाणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि दोन दिवसांचे तास बुडणे होय.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले असे मानू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. अटी वेगवेगळ्या असतात, मुदती ठरलेल्या असतात. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. समाजकल्याणच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट खोलीची. खोली दिवसाउजेडी पाहावी. पाणी किती वेळ येते, संडास किती जणींत एक आहे, विजेचे मीटर वेगळे आहे की घरमालक ठोक रक्कम घेतो, हे विचारावे. घरमालकापेक्षा तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचारले तर खरे उत्तर मिळते. अनामत रक्कम दिली की कागदावर लिहून घ्यावे. "काकू, माह्या बाबाले दाखवायले पाह्यजे" असे म्हटले की कोणालाही राग येत नाही. परत देण्याच्या वेळी हाच कागद कामाला येतो.

चौथी गोष्ट पैशांची आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे. आमच्या घरी अडीच एकर कोरडवाहू. पेरणी जून-जुलैत, सोयाबीन निघते दिवाळीच्या आगेमागे, तूर त्याहूनही उशिरा. म्हणजे ज्या महिन्यात बाबांच्या हातातले सारे पैसे बियाण्यात आणि खतात गेलेले असतात, नेमक्या त्याच महिन्यात शहरात प्रवेशाचे शुल्क, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि मेसचे आगाऊ पैसे एकदम मागितले जातात. पगारदाराच्या मुलाला ही अडचण कळणार नाही. त्याच्या घरी दर महिन्याला पीक येते, आमच्या घरी वर्षातून एकदा. म्हणून गावाकडच्या विद्यार्थ्यांनी बारावीच्या वर्षीच या पहिल्या महिन्याची वेगळी तजवीज घरी बोलून ठेवावी. आणि घरमालकांना माझी विनंती आहे की शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलांकडून अनामत दोन हप्त्यांत घ्यावी, अर्धी आता आणि अर्धी दिवाळीनंतर. माझ्या घरमालकीण काकूंनी ही सवलत दिली. दिली नसती, तर हा लेख लिहायला मी या महाविद्यालयात राहिले असते की नाही, कोण जाणे.

पाचवी गोष्ट जेवणाची. मेस लावताना आधी आठवडाभराचे कूपन घ्यावे आणि मगच महिना ठरवावा. दोघी-तिघींनी मिळून स्वयंपाक केला तर स्वस्त पडते, पण परीक्षेच्या दिवसांत भांडणे होतात, म्हणून पाळ्या आधीच ठरवून घ्याव्यात. पैसे वाचवण्यासाठी रात्रीचे जेवण टाळणे हा आमच्यातील अनेकींचा आवडता उपाय आहे. तो करू नये. चहा-बिस्किटावर काढलेला महिना पुढे औषधाच्या दुकानात दामदुपटीने वसूल होतो.

सहावी गोष्ट प्रवासाची आणि आजारपणाची. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एस. टी. सुमारे दोन-तृतीयांश सवलत देते आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धेच पडते. त्यामुळे महिन्यातून एकदा घरी जाणे आता मुलींना पूर्वीइतके जड नाही. जावे, पण पहिल्या महिन्यात दर शनिवारी पळू नये, नाहीतर शहराशी ओळख होतच नाही. आल्यावर पहिल्याच आठवड्यात जिल्हा सामान्य रुग्णालय पाहून ठेवावे. लोक त्याला अजून इर्विनच म्हणतात. रुग्णवाहिकेचा १०८ आणि मदतीचा ११२ हे क्रमांक पाठ असावेत. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, हेही प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. सीनिअरने नाव विचारणे वेगळे आणि नाचायला लावणे वेगळे.

सातवी गोष्ट बोलीची. आमच्याकडे "काय करून राह्यली वं?" असे सहज विचारतात. वर्गात असे बोलले की मागच्या बाकावर कोणीतरी हसते आणि त्या दिवसापासून ती मुलगी प्रश्न विचारणेच सोडून देते. माझ्या मते शहरात आलेल्या मुलीचे सर्वांत मोठे नुकसान पैशांचे नसते, ते या गप्प बसण्याचे असते. म्हाइंभटांनी लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध केले, ते रिद्धपूर याच अमरावती जिल्ह्यात आहे. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ तेराव्या शतकात ज्या मातीत झाला, त्या मातीतल्या बोलीची लाज कोणी आणि का बाळगावी? प्रमाण भाषा जरूर शिकावी, उत्तरपत्रिकेत ती लागतेच. पण ती येईपर्यंत तोंडाला कुलूप लावू नये.

हे सारे झाले येणाऱ्यांसाठी. परंतु केवळ येणाऱ्यांनाच उपदेश करणे मला पटत नाही. पाहुण्याने कसे वागावे हे सांगताना यजमानाचे कर्तव्यही सांगितले पाहिजे.

पुण्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या वसतिगृहाच्या एका खिडकीशी एक मुलगी येऊन जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा कोणी असता तर शिस्तभंगाचा कागद काढून मोकळा झाला असता. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की आत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी आहे आणि त्याच्याच देशाची ती मुलगी त्याला जेवण देऊन जाते. या शहरात त्याला दुसरे कोणी नाही. परदेशी विद्यार्थ्यांना आपलेपणाचा आधार मिळावा, या विचारातून त्यांनी १९७१ साली सिम्बायोसिस सुरू केले. एका खिडकीकडे नीट पाहिल्यामुळे एवढी मोठी संस्था उभी राहिली.

आज परदेशातून आपल्याकडे शिकायला येणाऱ्याचा मुक्काम १८० दिवसांहून अधिक असेल, तर त्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत सरकारदरबारी नोंद करावी लागते. तो कोठे राहतो, याचा पत्ता कोणाला तरी ठाऊक असतो. मोठ्या विद्यापीठांत त्याच्यासाठी वेगळा कक्ष असतो. हे योग्यच आहे. पण मग धनजची, मानोऱ्याची, मेळघाटची मुलगी कोठे राहते, काय खाते, दोन आठवडे वर्गात का आली नाही, याची नोंद कोणाकडे असते? परक्याला परका समजून आपण त्याची सोय करतो आणि आपल्या माणसाला आपला समजून वाऱ्यावर सोडतो, हा कोठला न्याय?

आपल्या प्रांताला ही जबाबदारी नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कारण शाळा असून उपयोग नाही, राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वेगवेगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली आणि त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्या अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरातून १९२० साली विलायतेला गेले, डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतले आणि अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. जो स्वतः परक्या मुलखात राहून आला, त्याला खेड्यातल्या मुलाची पहिली गरज बरोबर कळली. आणि ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ ओळखले जाते, त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या त्या कोणासाठी? गावाहून आलेल्या आणि शहरात ओळख नसलेल्या माणसासाठीच ना?

म्हणून माझ्या महाविद्यालयाकडे माझ्या चारच मागण्या आहेत. त्यांना फार पैसा लागणार नाही. एक, प्रवेशाच्या पावतीबरोबर प्रत्येकाला एक पानाचे माहितीपत्रक मराठीतून द्यावे. शिष्यवृत्तीच्या मुदती, कार्यालयातील खिडक्या, दवाखाना, बसचा पास हे सारे त्यात असावे. दोन, बाहेरगावच्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यासाठी द्वितीय वर्षाचा एक जोडीदार नेमून द्यावा, शक्यतो त्याच तालुक्यातला. तीन, आडनाव न विचारता खोली देणाऱ्या घरांची यादी महाविद्यालयानेच ठेवावी. चार, दिवाळीच्या सुटीनंतर कोण परत आले नाही, याची यादी करून त्या घरी एक फोन करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' हा कार्यक्रम सुचवला आहे. त्यात भाषणे आणि हारतुरे कमी करून या चार गोष्टी केल्या, तर दीक्षेचा खरा आरंभ होईल.

चौथी मागणी मी मुद्दाम करते. आमच्या गावची एक मुलगी, माझ्याहून हुशार, बारावीला माझ्याहून जास्त गुण मिळालेली, शहरात शिकायला गेली आणि दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. तिला काही मोठे संकट आले नव्हते. शिष्यवृत्तीचा अर्ज एका दाखल्यावाचून अडला, खोलीतल्या मुलींशी पटले नाही, आणि हे कोणाला सांगावे ते तिला कळले नाही. इतकेच. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. महाविद्यालयातून एक फोन आला असता, तर ती आज कदाचित माझ्या शेजारच्या बाकावर असती. आणि तिच्या परत येण्याचा परिणाम केवळ तिच्यावर झाला नाही. गावात आता म्हणतात, "पाह्यलं ना, पोरी शहरात टिकत नाहीत." माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिला पाठवायचे की नाही, हे ठरवताना बाबांच्या कानावर हेच शब्द पडतात. एक मुलगी परत गेली की तिच्यामागच्या दहा जणींची वाट अडते आणि एक टिकली की दहा जणींची मोकळी होते. म्हणून तिचे टिकणे हा तिचा एकटीचा प्रश्न नाही.

शेवटी माझ्या वर्गमित्रांना आणि मैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते. महाविद्यालय काय करील, शासन काय करील, याची वाट पाहत बसू नका. येत्या जुलैत फाटकाशी हातात फाइल घेऊन, कोणाला विचारावे या विचारात उभी असलेली एखादी मुलगी किंवा मुलगा दिसेल. त्याला गाव विचारा, आडनाव नको. कार्यालयाची खिडकी दाखवा, मेसचा पत्ता द्या, आपला फोन नंबर द्या. पाच मिनिटांचे काम आहे. शहर म्हणजे शेवटी चौक आणि इमारती नव्हेत; आपल्याला नावाने हाक मारणारी चार माणसे जिथे असतात, तिथेच आपण स्थिरावतो. त्या चारांपैकी पहिले माणूस आपण व्हावे.